तारेवरचे टाके

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा सभासदांकडून छंदविषयक लेख मागविले आहेत. आपल्या डॉक्टरमंडळींत गिर्यारोहक आहेत, गुलाब फुलविणारे आहेत, जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे जमविणारे आहेत. त्या रांगेत उभे राहताना मला जरा संकोच वाटतो, कारण माझा छंद ऐकल्यावर समोरची व्यक्ती हमखास विचारते, "म्हणजे आपण गिटार वाजवता?" मी गिटार वाजवीत नाही. सुरांचे ज्ञान मला रेडिओ ऐकणाऱ्या कोणाही सामान्य माणसाइतकेच आहे. मी गिटारच्या केबली बनवितो आणि बिघडलेल्या केबली दुरुस्त करतो. नेहरू नगरातील आमच्या घराच्या मागल्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी चार-दोन मुले आपापल्या मुक्या झालेल्या तारा घेऊन येतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यांतल्या बहुतेक बोलू लागतात.

आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. भूलतज्ज्ञाचे सारे लक्ष जोडांवर असते. नळी कुठे निसटली, कुठे पिळली, कुठे दबली, हे पाहण्यात दिवस जातो. निवृत्तीनंतर ही नजर एकाएकी मिटत नाही. मुलीने महाविद्यालयात असताना विद्युत गिटार घेतली होती. तिच्या केबली दर दोन-तीन महिन्यांनी बिघडत आणि बाजारातून नव्या येत. एकदा जुनी केबल उघडून पाहिली, तर सहा मीटर तार पूर्णपणे धडधाकट होती आणि मरण आले होते ते शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये. एवढ्याशा कारणाने सबंध केबल फेकून देणे मनाला पटेना.

शिकविणारा शेजारीच होता. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर अशा गावांहून अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला, जो पुढे भेल म्हणून ओळखला गेला, आणि त्यानेही बरीच मराठी मंडळी या शहरात आणली. त्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी माझे या विद्येतील गुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, "डॉक्टरसाहेब, टाका घालायला तुम्हाला काय शिकवायचे? फक्त सुईच्या जागी इस्तरी आहे, एवढे ध्यानात ठेवा." सोल्डरिंगच्या कामाला मराठीत डाख देणे किंवा झाळणे म्हणतात; पण भोपाळच्या बाजारात त्याला 'टाँका' म्हणतात आणि जखमेला घालतात तोही 'टाँका'च. दोन्ही कामे करून पाहिल्यावर मला वाटते की हिंदीने येथे काहीच चूक केलेली नाही.

आता केबलीच्या शरीररचनेकडे वळू. गिटारची केबल बाहेरून एका तारेसारखी दिसत असली तरी आत तिचे चार-पाच थर असतात. अगदी मध्यभागी तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असतो. संकेत वाहून नेण्याचे काम त्याचे. त्याभोवती प्लास्टिकचे किंवा पॉलिथिनचे वेष्टन. चांगल्या केबलीत त्यावर कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. त्यावर तांब्याच्या तारांची जाळी असते आणि सर्वांत बाहेर रबराची किंवा पीव्हीसीची त्वचा. ही जाळी म्हणजे ढाल. ती दोन कामे करते: बाहेरची विद्युत घरघर आतल्या तारेपर्यंत पोहोचू देत नाही आणि संकेताचा परतीचा मार्गही तीच असते. जाळी विणलेली असेल तर टिकाऊ. नुसती गुंडाळलेली असेल तर लवचीक, पण वाकवून वाकवून ती मध्येच फाकते. धातूच्या पातळ कागदाची असेल तर एका जागी स्थिर राहणाऱ्या जोडणीला उत्तम, परंतु रंगमंचावर पायाखाली येणाऱ्या केबलीला निरुपयोगी.

त्या काळ्या थराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण घरगुती केबली बिघडण्यामागे निम्म्या वेळा तोच असतो. केबल हलली, दुमडली, जमिनीवर आपटली की आतले थर एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातून सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो. तो ॲम्प्लिफायरमधून 'खर्र' असा ऐकू येतो. काळा थर हा भार जाळीकडे वाहून नेतो. अर्थात तो स्वतः विद्युतवाहक आहे. नवशिका मनुष्य बाहेरची त्वचा सोलतो, जाळी बाजूला करतो, आतले वेष्टन कापतो आणि काळ्या थराला वेष्टनाचाच भाग समजून तसाच ठेवतो. मग त्या थराची कड मधल्या तारेला टेकते, संकेत गळू लागतो आणि आवाज क्षीण होतो. सगळे टाके सुबक दिसत असतात आणि केबल मात्र कुजबुजते. काळा थर तारेच्या उघड्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर मागेपर्यंत काढून टाकलाच पाहिजे.

केबलीच्या दोन्ही टोकांना जी पिन असते तिला आपल्याकडच्या दुकानांत 'पी-३८' म्हणतात. तिची जाडी ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. ही पिन मुळात वाद्यांसाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन केंद्रांत बसलेले कर्मचारी एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या खाचेत खोचून संभाषण जोडून देत. ही पिन त्यांच्या हातातली. भारतात १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. ती माणसे गेली, ते फलक भंगारात गेले, टेलिफोनची तारसुद्धा घरोघरीची निघून गेली. ही पिन मात्र गिटारच्या कुशीत जवळजवळ त्याच मापाने जिवंत आहे. वैद्यकशास्त्रातही अशी उदाहरणे आहेत; सिरिंजचा 'लुअर' जोड एकोणिसाव्या शतकातलाच.

दुरुस्तीचा आरंभ निदानापासून होतो आणि येथे डॉक्टरांना आपल्या सवयींचा फार उपयोग होतो. मुलगा येऊन म्हणतो, "काका, केबल खराब झाली." आवाज पूर्ण बंद आहे, की हलविल्यावर येतो-जातो, की घरघर करतो? ॲम्प्लिफायरमधून मोठी, सलग घरघर येत असेल तर बहुधा जाळी एका टोकाला तुटलेली असते. पूर्ण शांतता असेल तर मधली तार आणि जाळी एकमेकींना टेकलेल्या असतात. मधली तारच तुटली असेल तर आवाज जातो. मागे अगदी बारीक गुणगुण राहते. हलविल्यावर आवाज येत-जात असेल तर तार अर्धवट तुटलेली आहे आणि ती कुठे, हे बोटांनी चाचपून कळते. पुढची पायरी मल्टिमीटर. टोकाचे टोकाशी सातत्य हवे, जाळीचे जाळीशी सातत्य हवे आणि टोक व जाळी यांच्यात सातत्य मुळीच नको. तपासताना केबल पिनेजवळ धरून चारही दिशांना हळूच वाकवावी. स्थिर पडलेली केबल मल्टिमीटरला नेहमी निरोगी दिसते. रुग्णही झोपलेला असताना पुष्कळ वेळा तसाच दिसतो.

तार कोणत्या टोकाला तुटली आहे हे बोटांना कळत नसेल तर एक युक्ती आहे. ती मला स्वतःला फार आवडते. केबलीची मधली तार आणि जाळी मिळून एक लांबट कपॅसिटरच असतो आणि त्याची धारिता लांबीच्या प्रमाणात वाढते. सर्वसाधारण केबलीत ती दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. म्हणजे सहा मीटरच्या धडधाकट केबलीत कोणत्याही टोकाकडून सुमारे ६०० दिसायला हवी. मधली तार तुटलेली असेल तर एका टोकाकडून ५८० आणि दुसऱ्याकडून जेमतेम २० दिसते. दोष दुसऱ्या टोकापाशी आहे, हे केबल न उघडता कळते. एकीकडून ३५० आणि दुसरीकडून २५० असे दिसले तर तार मधोमध तुटलेली आहे. अशा वेळी मधल्या भागी जोड देऊन ती पुन्हा लांब करण्याच्या फंदात पडू नये. तेथे कापून दोन लहान केबली कराव्यात.

शस्त्रक्रियेची हत्यारे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आधीच असतील. २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग इस्तरी, राळ भरलेली सोल्डरची तार, कटर आणि मल्टिमीटर हे विकत आणावे लागते. मुंबईकरांना लॅमिंग्टन रस्ता ठाऊक असेलच. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बाकी सारे घरचे. वापरातून बाद झालेली आर्टरी फोर्सेप्स या कामी अप्रतिम. ती तारेला घट्ट धरते आणि वेष्टनाच्या कडेला लावली की इस्तरीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतले प्लास्टिक वितळत नाही. बाहेरची त्वचा सोलण्यासाठी ब्लेडचे पाते वापरता येते, पण दाब अगदी बेताचा हवा. त्वचा पूर्ण कापू नये. कड आखावी आणि केबल वाकवावी, म्हणजे ती स्वतःच फाटते. पात्याने जाळीच्या चार तारा जरी कापल्या गेल्या तरी पुढे वाकण्याचा सगळा ताण त्याच जागी येतो आणि काही महिन्यांत केबल तेथेच तुटते.

टाका घालण्यापूर्वी पिनेचे झाकण आणि आतली प्लास्टिकची नळी केबलीत ओवून ठेवायची. ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु माझ्या व्हरांड्यात शिकायला येणारा प्रत्येक मुलगा पहिला सुंदर टाका घालतो, मग टेबलावर पडलेल्या झाकणाकडे बघतो आणि नंतर माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही.

टाक्याचे रहस्य एवढेच की सोल्डर इस्तरीने वितळवायचे नाही. इस्तरीने धातू तापवायचा आणि तापलेल्या धातूने सोल्डर वितळवायचे. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम थिजते. ६०:४० चे थोडा वेळ पिठाळ अवस्थेत रेंगाळते आणि त्या क्षणी हात हलला तर टाका आतून भेगाळतो. चांगला टाका चकचकीत असतो आणि कडेने धातूवर पाण्यासारखा पसरलेला असतो. वाईट टाका गोळीसारखा उठून दिसतो. तो धातूवर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. आमचे भेलवाले गुरुजी अशा टाक्याला 'पाहुणा' म्हणत. जाळी पिनेच्या मोठ्या पत्र्यावर डाखायची असते आणि तो पत्रा उष्णता भराभर खातो, म्हणून तेथे आधी पत्र्यावर आणि जाळीवर वेगवेगळा कथिलाचा पातळ हात द्यावा, मग दोन्ही एकत्र आणावे. दोन-तीन सेकंदांत काम झाले पाहिजे. झाले नाही तर थांबावे, थंड होऊ द्यावे आणि पुन्हा आरंभ करावा.

सरतेशेवटी पिनेच्या मागच्या पकडीने केबलीची बाहेरची त्वचा घट्ट आवळायची. ताण त्वचेने सोसायचा असतो, टाक्याने नव्हे. पोट शिवताना त्वचेच्या टाक्यांवर भार टाकून चालत नाही, बळ फॅसियात असते, हे सर्जन मित्रांना सांगायला नको. केबलीत मात्र ते नेमके उलटे आहे, येथे त्वचाच भार पेलते, आणि एका सर्जन मित्राने या मुद्द्यावर माझ्याशी चांगला अर्धा तास वाद घातला होता.

शिशाविषयी घरोघरी विचारणा होते आणि ती योग्यच आहे. युरोपात २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांत शिसे वापरण्यावर निर्बंध आले. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे शिकाऊ हाताला ते थोडे अवघड जाते. इस्तरीच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. धोका आहे तो हाताला लागून तोंडात जाण्याचा. म्हणून माझ्या टेबलावर चहा-बिस्किटे येत नाहीत आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज कुणी घराबाहेर पडत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा असतो. तो मात्र निरुपद्रवी नव्हे. राळेच्या धुरामुळे होणारा व्यावसायिक दमा आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. व्हरांड्यात पंखा लावून काम करण्याचे कारण तेच. दम्याच्या मुलांना मी मल्टिमीटर देतो आणि इस्तरी देत नाही. घरात लहान बाळ असलेल्यांनी शिसेविरहित सोल्डरच वापरावे, असा माझा आग्रह असतो.

आता एक प्रश्न वादकमंडळी नेहमी विचारतात: केबलीने आवाज बदलतो का? महागड्या केबलीच्या जाहिराती वाचल्या तर वाटेल की तांब्यात अमृत ओतलेले आहे. तसे काही नसते. पण केबलीने आवाज अजिबात बदलत नाही असे म्हणणारेही चुकतात. गिटारच्या तारांखाली जी चुंबकीय वेटोळी असते तिचे इंडक्टन्स आणि केबलीची धारिता मिळून एक अनुनाद होतो. वेटोळीचे इंडक्टन्स अडीच हेन्री आणि तिची स्वतःची व इतर किरकोळ धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर तीन मीटरच्या केबलीने हा अनुनाद सुमारे ५ किलोहर्ट्झवर येतो. सहा मीटरला तो ३.८ वर आणि दहा मीटरला ३ किलोहर्ट्झवर उतरतो. त्यापलीकडचे स्वर झपाट्याने मंदावतात. ऑडिओग्राम रोज पाहणाऱ्यांना २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. व्यंजनांची स्पष्टता तेथेच असते आणि गिटारचा 'काठ'ही तेथेच. म्हणून लांब केबलीने गिटार घोगरी होते. कुणाला ते आवडतेही. जिमी हेंड्रिक्स टेलिफोनच्या दोरीसारखी पीळदार, लांबलचक केबल वापरीत असत. दुकानात जाऊन पैसे मोजताना मीटरला किती पिकोफॅरड एवढे एकच विचारावे. सोन्याचा मुलामा गंजत नाही एवढा त्याचा गुण. भोपाळच्या पावसाळ्यात तलावांच्या कुशीत राहणाऱ्यांना तो थोडा उपयोगी पडतो इतकेच.

या ठिकाणी आपल्या धंद्याशी असलेले या विषयाचे जुने नाते नमूद केल्यावाचून राहवत नाही. आइंटहोव्हेन यांनी लायडन येथे स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटरवर हृदयाचे आलेख काढले तेव्हा ते यंत्र इतके अवजड होते की रुग्णापर्यंत नेणे अशक्य होते. १९०५ साली त्यांनी रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरून रुग्णाचा ईसीजी प्रयोगशाळेत नोंदविला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९५५ साली, गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी विरुद्ध दिशेने गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांची अशी जोडी बनविली की तारेचा स्वर दोन्हींतून मिळून वाढतो आणि बाहेरची घरघर परस्परांत वजा होते. आपल्या ईसीजी यंत्रात दोन इलेक्ट्रोडमधील फरक तेवढा मोजून ५० हर्ट्झची घरघर वगळली जाते, ती याच न्यायाने.

परंतु नात्याची मर्यादाही येथेच सांगतो. माझ्या या उद्योगाची बातमी लागल्यावर दोन-तीन तरुण डॉक्टर मित्रांनी दवाखान्यातील ईसीजी आणि मॉनिटरच्या तुटलेल्या लीड्स आणून दिल्या. मी त्या परत केल्या. त्या केबलींत डिफिब्रिलेटरच्या झटक्यापासून यंत्राचे रक्षण करणारे रोधक बसविलेले असू शकतात. बाहेरून ते दिसत नाहीत. रुग्णाच्या छातीला जोडलेली तार व्हरांड्यात झाळलेली नसावी. गिटारची केबल बंद पडली तर एक गाणे बुडते.

असे मी पूर्वी सरळपणे म्हणत असे. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगानंतर तेवढ्या सरळपणे म्हणत नाही. शहरातील एका वसाहतीचा गणेशोत्सव होता. दुपारी पाऊस होऊन गेला होता, मंडपाची सतरंजी ओलसर होती. माझ्याकडे रविवारी येणारा एक सतरा वर्षांचा मुलगा गिटार वाजवायला उभा राहिला. त्याच्या हातातली केबल माझ्या व्हरांड्यात बनलेली होती. दुसऱ्या कडव्याच्या आरंभी तो गाण्यासाठी पुढे झुकला, ओठ मायक्रोफोनला लागले आणि तो मागे फेकला गेला. मी प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत होतो. तो शुद्धीवर होता. नाडी जलद, पण नियमित. खालच्या ओठावर पांढुरका, तांदळाच्या दाण्याएवढा भाजल्याचा डाग. रात्रभर त्याला निरीक्षणाखाली ठेवले, ईसीजी व्यवस्थित आला आणि दुसऱ्या दिवशी तो घरी गेला.

मंडपात जे आढळले ते असे. ॲम्प्लिफायरच्या आतली एक विद्युतभारित तार वेष्टन झिजून लोखंडी सांगाड्याला टेकली होती. अर्थिंग ठीक असते तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. परंतु ॲम्प्लिफायर घरघर करतो म्हणून त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन कुणीतरी कधीतरी काढून टाकली होती. सांगाडा २३० व्होल्टवर निवांत बसला होता. माझी केबल तपासली. तिच्यात कसलाही दोष नव्हता. दोष नव्हता म्हणूनच ॲम्प्लिफायरच्या सांगाड्यापासून जाळीतून, गिटारच्या पुलातून, पोलादी तारांतून मुलाच्या डाव्या हातापर्यंत मार्ग निर्वेध होता. मायक्रोफोन दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या यंत्राला जोडलेला होता. मधले अंतर त्या मुलाने स्वतःच्या देहाने जोडले. हात ते मुख, वाटेत हृदय. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच असा गेला. अर्थिंग सदोष असताना त्याचा हात मायक्रोफोनला लागला होता. आपला मुलगा वाचला याचे श्रेय कोरड्या चपलांना द्यायचे, की संपर्क क्षणभराचाच झाला याला, हे मी आजही ठरवू शकत नाही.

तेव्हापासून व्हरांड्यातील शिक्षणक्रम बदलला आहे. पहिल्या रविवारी इस्तरी हातात मिळत नाही. प्रथम तीन दिव्यांचा सॉकेट-परीक्षक कसा वापरायचा हे शिकवतो. तो खोचला की अर्थिंग आहे की नाही ते दिव्यांवरून कळते आणि त्याची किंमत एका बऱ्या केबलीहून कमी असते. मोठी पिन काढलेला प्लग दिसला तर त्यावर काहीही जोडायचे नाही, मग कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल. गाणाऱ्याने ओठ लावण्यापूर्वी मल्टिमीटरचे एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे मायक्रोफोनच्या जाळीला लावून एसी व्होल्ट पाहायचे. एक-दोन व्होल्टपेक्षा अधिक काही दिसले तर वाद्य खाली ठेवायचे. घरघर हा रोग नसून लक्षण आहे आणि पिन कापून ती बंद करणे म्हणजे पोटदुखीच्या रुग्णाला निदानाआधी मॉर्फिन देऊन घरी पाठविणे. मंडपाच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळती-रोधक स्विच असावे, असा प्रस्ताव आमच्या गल्लीच्या उत्सव समितीपुढे मी तीन वर्षे मांडला. चौथ्या वर्षी तो मंजूर झाला. खर्च आरासीच्या एका कमानीपेक्षा कमी आला. इतर वसाहतींतील आपल्या सभासदांनीही यंदा गणपतीपूर्वी आपापल्या समितीत हा विषय काढावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे; डॉक्टरने सांगितले तर ऐकतात, असा माझा अनुभव आहे, निदान चौथ्या वेळी तरी.

मुले आता म्हणतात, काका, बिनतारी यंत्रे आली, केबल कशाला? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बिनतारी जोडणीने हात आणि ॲम्प्लिफायर यांच्यातील तांब्याचा दुवाच नाहीसा होतो आणि ओल्या मंडपात ते चांगलेच. पण बॅटरी गाण्याच्या मध्यावर संपते आणि ते यंत्र बिघडले तर त्यात माझ्यासारख्याला हात घालायला जागा नसते. शिवाय वाद्य उघडून पाहण्याची ओढ दुरुस्तीतून लागते. मिरजेचे उदाहरण आपण सारे जाणतो. आपल्या पेशाला मिरज म्हटले की वानलेस रुग्णालय आठवते, संगीतवाल्यांना सतार आणि तंबोरा. तेथील वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात वाद्यांची दुरुस्ती करता करता ते वाद्ये घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. माझ्या रविवारच्या मुलांपैकी एकाने गेल्या वर्षी आपल्या गिटारची वेटोळी स्वतः उलगडून पुन्हा गुंडाळली. ती बिघडली. त्याने पुन्हा गुंडाळली.

दुरुस्त केलेली प्रत्येक केबल मी कोपराभोवती न गुंडाळता सैल वेटोळ्यांत, एक सुलट आणि एक उलट अशी गुंडाळून देतो, म्हणजे आत पीळ साठत नाही. पिनेपाशी कागदी पट्टी चिकटवून त्यावर तारीख, लांबी आणि पिकोफॅरड लिहितो. केस पेपरची सवय जाता जात नाही. मुलीची ती पहिली केबल आजही घरात आहे. तिच्यावर सात पट्ट्या आहेत. पहिलीवर सहा मीटर आणि ६१०. प्रत्येक दुरुस्तीत थोडी थोडी कापली गेल्याने सातवीवर चार मीटर नव्वद आणि ४९८. मुलगी सुट्टीत घरी आली की तीच वापरते आणि म्हणते, हिचा आवाज पूर्वीपेक्षा उजळ झाला आहे. आकडेही तेच सांगतात.